नाव नको, तीन खुणा पुरेत!

'मनातला माणूस ओळखा' हा खेळ तुम्ही खेळला असालच. एकाने मनात कोणीतरी व्यक्ती धरायची आणि इतरांनी 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर येईल असे प्रश्न विचारून ती शोधून काढायची. चांगला प्रश्न उरलेल्यांपैकी निम्मी माणसे बाद करतो. मग साऱ्या पृथ्वीवरून एक माणूस हुडकायला असे किती प्रश्न लागतील बरे?

वही घ्या आणि मांडून पाहा. दहा दोनांचा गुणाकार १,०२४ येतो. वीस दोनांचा दहा लाखांच्या वर जातो आणि तेहतीस दोनांचा होतो सुमारे ८५९ कोटी! पृथ्वीवर आज आठशे कोटींहून थोडी अधिक माणसे आहेत. म्हणजे नेमके निम्मे भाग पाडणारे ३३ प्रश्न मिळाले, तर कोणीही माणूस सापडलाच पाहिजे. त्याचे नाव विचारण्याची गरजच नाही.

आहे की नाही गंमत? पण ही गंमत तुमच्या घरातल्या मोबाइल फोनशी फार जवळून निगडित आहे. 'आम्ही तुमचे नाव कोणाला देत नाही, फक्त काही किरकोळ माहिती देतो,' असे आश्वासन अनेक अ‍ॅप देतात. नाव वगळले की माणूस सुरक्षित झाला, असे आपल्यालाही वाटते. माझ्या मते हा समज चुकीचा आहे. का, ते गणितानेच पाहू.

पिन कोडचे गणित

समजा, एका खेळाच्या अ‍ॅपने तुम्हाला तीनच गोष्टी विचारल्या: पिन कोड, जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी. वर्षाचे दिवस ३६५. माणसांची वये ८० वर्षांपर्यंत धरली, तर ३६५ × ८० = २९,२०० वेगवेगळ्या जन्मतारखा झाल्या. स्त्री व पुरुष असे दोन भाग केले, की ५८,४०० कप्पे तयार झाले.

आपल्या देशात सुमारे १९ हजार पिन कोड आहेत. (ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृत कवीही होते.) लोकसंख्येला १९ हजारांनी भागा. एका पिन कोडच्या वाट्याला सरासरी ७५ हजारांच्या आसपास माणसे येतात. ती ५८,४०० कप्प्यांत वाटली, तर एका कप्प्यात सरासरी एक किंवा दोनच माणसे! त्यात शाळेचे नाव ही चौथी खूण जोडली, की बहुधा तुम्ही एकटेच उरता.

मॅसॅच्युसेट्समधील शोध

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९०च्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातील उपचारांची माहिती संशोधनासाठी खुली करण्यात आली. तीतून नावे आणि पत्ते काढून टाकले होते. खासगीपणाला धोका नाही, अशी ग्वाही गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली होती.

लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत शिकत होत्या. वेल्ड केंब्रिज शहरात राहतात हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी २० डॉलर देऊन त्या शहराची मतदारयादी विकत घेतली. तीत नाव, पत्ता, जन्मतारीख आणि टपाल विभागाचा क्रमांक होता. गव्हर्नरांची जन्मतारीख असलेले सहा जण निघाले. त्यांत पुरुष तीन. आणि त्या टपाल विभागात राहणारा एकच! निनावी माहितीतला गव्हर्नरांचा आजार आणि उपचार आता उघड झाले होते.

पुढे २००० साली स्वीनी यांनी हिशेब मांडला, की या तीन खुणांवरून ८७ टक्के अमेरिकन नागरिक एकमेव ठरू शकतात. २००६ साली फिलिप गोल यांनी केलेल्या गणनेत हा आकडा ६३ टक्के आला. कमी असला तरी निम्म्याहून अधिकच!

ध्यानात घ्या, दोन्ही याद्या वेगवेगळ्या असताना निरुपद्रवी होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि कुलूप उघडले.

खिशातली खूण

मोबाइल फोन तर चालती-फिरती खूण आहे. २०१३ साली काही संशोधकांनी युरोपातील एका देशातील १५ लाख लोकांच्या फोनची १५ महिन्यांची नोंद तपासली. कोणता फोन कोणत्या वेळी कोणत्या मनोऱ्याजवळ होता, एवढीच ती नोंद होती. केवळ चार ठिकाणे आणि वेळा कळल्या, तर ९५ टक्के माणसे इतरांपासून वेगळी काढता येतात, असे आढळले. याचे नवल वाटायला नको. रात्री तुमच्या घरी, दिवसा तुमच्या शाळेत आणि संध्याकाळी तुमच्याच शिकवणीला असणारी माणसे तुमच्याखेरीज आणखी किती असतील?

'माझ्यापाशी लपवण्यासारखे काय आहे?'

हा प्रश्न तुम्ही विचाराल. गव्हर्नरांनी तरी काय गुन्हा केला होता? ते आजारी पडले होते, इतकेच. आपला आजार कोणाला सांगायचा हे ज्याचे त्याने ठरवावे, हाच खासगीपणाचा अर्थ. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३च्या माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

आणखी दोन गोष्टी विसरू नका. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही. दुसरे असे, की एखाद्या अ‍ॅपला तुम्ही फोनमधील नंबरांची यादी पाहू दिलीत, तर तुमच्या मित्रांचे नंबरही जातात. त्यांना कोणी विचारले होते?

म्हणून फोन फेकून द्या, असे मी मुळीच म्हणणार नाही. पण विजेरीच्या अ‍ॅपला तुमचे ठिकाण कशाला हवे, असा प्रश्न जरूर विचारा. कारण पटले नाही तर परवानगी नाकारा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटोबरोबर ठिकाणाची नोंद होते का, ते पाहा. जन्मतारीख मागितली, की ती नसेल तर काम अडेल का, याचा आधी विचार करा.

वर्गात करून पाहा

प्रत्येकाने एका चिठ्ठीवर नाव न घालता तीन गोष्टी लिहाव्यात: जन्ममहिना, भावंडांची संख्या आणि शाळेत येण्याचे साधन. शिक्षकांनी प्रथम महिन्यांप्रमाणे चिठ्ठ्यांचे ढीग करावेत. मग प्रत्येक ढीग भावंडांच्या संख्येवरून आणि शेवटी साधनावरून विभागावा. दर वेळी एकट्या पडलेल्या चिठ्ठ्या मोजा आणि आकडे फळ्यावर लिहा. त्या चिठ्ठ्या कोणाच्या, हे वर्गातील किती जणांना सांगता येईल?

प्रयोग संपला, की सर्व चिठ्ठ्या फाडून टाका. काम संपल्यावर माहिती नष्ट करणे, हाही या प्रयोगाचाच एक भाग आहे!