मासा चढणीला कधी लागतो?



नेकनूरच्या श्रोत्यांपुढे माशांवर बोलावयाचे, आणि तेही ऐन वैशाखात, हे थोडे धाडसाचे काम आहे. आपले गाव बालाघाटाच्या माथ्यावरचे. त्याचा लौकिक जनावरांच्या बाजाराचा. बैलाचे दात पाहून वय सांगणारा इथे घरोघर सापडेल, माशाचा कल्ला उघडून ताजेपणा सांगणारा मात्र विरळा. बाजारात सुकट आणि बोंबील येतात ते समुद्रावरून. ओल्या मासळीच्या पाटीतला रोहू, कटला येतो तो कुठल्या तरी धरणातून. आणि या दिवसांत ओढ्यात पाण्यापेक्षा दगडच अधिक. तरीही हा विषय मी याच महिन्यासाठी राखून ठेवला होता. कारण वसंत व्याख्याने ज्या दिवसांत होतात त्याच दिवसांत, डोहात उरलेल्या कमरेएवढ्या पाण्यात, मासा आपल्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या प्रवासाची तयारी करीत असतो.

एक प्रश्न आपण सर्वांनी लहानपणी विचारलेला आहे. तळे उन्हाळ्यात ठणठणीत कोरडे पडते, तळाला भेगा जातात, पोरे त्यात चेंडू खेळतात. मृगाचा पाऊस होतो, ओढा भरून वाहतो, आणि आठ-पंधरा दिवसांत तळ्यात मासे दिसू लागतात. हे आले कुठून? आभाळातून पडले, असे आजी सांगत असे. वावटळीने पाण्यासकट उचललेले लहान मासे दूर जाऊन पडल्याच्या नोंदी जगात आहेत, नाही असे नाही. पण तो क्वचितचा प्रकार. दर वर्षी, गावोगाव, वेळेवर मासे पुरवण्याचे काम वावटळ करीत नाही.

काही मासे गेलेलेच नसतात. मरळ हवेत तोंड काढून श्वास घेते. पाणी संपले तरी ओल्या चिखलात ती बराच काळ तग धरते. थोडे फार बदकांच्या पोटातूनही येत असावे. हंगेरीतल्या संशोधकांनी 2020 साली असे दाखवले की कार्प जातीच्या माशांची अंडी बदकाला खाऊ घातली, तर हजारी सुमारे दोन अंडी पोटातून शाबूत बाहेर पडतात आणि त्यांतल्या काहींतून पिलेही निघतात. प्रमाण नगण्य खरे, पण बदके पुष्कळ आणि अंडी त्याहून पुष्कळ. असो. या दोन्ही वाटा आडवाटाच. माशांचा हमरस्ता एकच: खालच्या नदीतून, वाहत्या पाण्याला तोंड देत, वर. कोकणात याला वलगण म्हणतात. देशावर आपण म्हणतो, मासे चढणीला लागले.

आता मासा वरच का जातो? खालच्या डोहात त्याचे काय बिघडले होते? याचे उत्तर अंड्यात आहे. रोहू, मृगळ या जातींची अंडी दगडाला किंवा शेवाळाला चिकटत नाहीत. ती पाण्यात सुटी पडतात, फुगतात आणि प्रवाहाबरोबर वाहू लागतात. पंधरा-अठरा तासांत पिलू फुटते. तेवढ्या वेळात पाण्याने त्याला नेऊन ठेवले पाहिजे ते उथळ, नव्याने भिजलेल्या, सूक्ष्म जीवांनी भरलेल्या जागी. पूर ओसरल्यावर शेताकडेला साचते तशा पाण्यात. आईने राहत्या डोहातच अंडी घातली, तर पिले वाहत भलतीकडे जातील. म्हणून ती आधी वर चढते आणि लेकरे खाली सोडते. रोहूच्या मादीत किलोभर वजनामागे दोन-तीन लाख अंडी असतात. पोटात एवढे ओझे घेऊन पुराविरुद्ध चालणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्या मायबहिणींना मी सांगायला नको.

मासा ही वेळ कशी ओळखतो? त्याच्यापाशी दोन घड्याळे आहेत असे समजा. पहिले सावकाश चालते. माघ-फाल्गुनापासून दिवस मोठा होऊ लागतो, पाणी तापू लागते. त्या उजेडाची आणि उबेची खबर डोळ्यांतून, कातडीतून मेंदूपर्यंत जाते, मेंदूखालच्या वाटाण्याहून लहान अशा ग्रंथीला हुकूम सुटतो आणि अंडी भरू लागतात. वैशाख संपेतो मासा तयार असतो. दुसरे घड्याळ मात्र बंदच असते. त्याला किल्ली पावसाने द्यावी लागते. पाणी एकाएकी थंड होते, गढूळ होते, वाहू लागते, त्यातला प्राणवायू वाढतो, आणि धुऊन आलेल्या नव्या मातीचा वास त्यात मिसळतो. हे सगळे एकदम घडले की मासा निघतो. पूर आलाच नाही, तर ती भरलेली अंडी मादीच्या शरीरातच हळूहळू जिरून जातात. दुष्काळ फक्त शेतकऱ्याचेच पीक बुडवतो असे नाही.

हे दुसरे घड्याळ माणसाने चोरून पाहिले ते आपल्याच देशात. बंगालमधल्या बांकुडा, मेदिनीपूर भागातले लोक उतारावर मोठे बांध घालून त्यांत पुराचे पाणी घेत आणि तळ्यातले मासे नदीत आहोत असे समजून अंडी देत. नुसत्या साचलेल्या तळ्यात मात्र रोहू वर्षानुवर्षे वाढेल, अंडी देणार नाही. हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञाने 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल येथे माशाच्या त्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून मोठ्या जातीच्या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली. पुराचा निरोप पिचकारीने दिला म्हणा ना. आपल्या जिल्ह्यातल्या तलावांत आज जे मत्स्यबीज सोडतात ते या शोधाचे फळ. तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

पण प्रत्यक्ष पूर येण्याआधी काही चिन्हे दिसतात का? दिसतात, आणि नदीकाठच्या भोई मंडळींना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. उन्हाळाभर डोहाच्या तळाशी बसलेला मासा रोहिण्यांच्या सुमारास काठाकडे येऊ लागतो. संध्याकाळी पाणी ठिकठिकाणी फुटते. मादीचे पोट मऊ आणि गोल होते. नराच्या कल्ल्यामागच्या परावरून बोट फिरवले तर तो खरखरीत लागतो. मादीचा गुळगुळीत असतो. पाण्याची जराशी ओढ माशाला आपल्याआधी कळते, कारण त्याच्या दोन्ही कुशींवरून जी रेघ जाते ती प्रवाह ओळखणाऱ्या बारीक इंद्रियांची रांग असते. कार्प कुळात आणखी एक सोय आहे: पोटातली हवेची पिशवी छोट्या हाडांच्या साखळीने कानाला जोडलेली असते, म्हणून त्याला ऐकू चांगले येते. दूरच्या डोंगरातला गडगडाट ऐकून मासा निघतो असे जुने लोक म्हणतात, ते मी सिद्ध झाले आहे म्हणणार नाही. पण हसण्यावारी नेण्यासारखेही नाही.

चिन्हे वाचण्याचा हा नाद जगभर आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पट्टेरी बास नावाचा मासा आहे. अंगावर सात-आठ काळ्या आडव्या रेघा. वसंतात तो समुद्रातून नद्यांत चढतो, अंडी देतो, उन्हाळा उत्तरेकडच्या थंड पाण्यात काढतो आणि शरदात दक्षिणेला परततो. उन्हाळा सरू लागला की तिथले गळवाले दिवस किती आखडला, रात्रीचे पाणी किती निवले, लहान मासळीचे थवे खाडीच्या तोंडाशी आले का, त्यांवर पक्षी घिरट्या घालतात का, हे पाहत असतात. आपल्याकडे उन्हाळ्याअखेर मासा अंडी घालायला निघतो, तिथे तो हिवाळ्याच्या मुक्कामाला निघतो, एवढा फरक. अंड्यांची गोष्ट मात्र सारखी: त्याचीही अंडी वाहत्या पाण्यातच तरंगून जगतात. या माशाची 1970 नंतर एवढी बेसुमार मारणी झाली की तो दिसेनासा झाला. अमेरिकी संसदेने 1984 साली त्याच्यासाठी वेगळा कायदा केला. मेरीलँड राज्याने 1985 पासून पाच वर्षे तो धरणेच बंद केले. आणि 1995 मध्ये त्याची संख्या पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. अंडी द्यायला उसंत मिळाली, मासा परत आला.

आपल्याकडे ती उसंत कोण देतो? थोडे अप्रिय बोलतो. आपण श्रावण कडक पाळतो. मासळीला शिवतही नाही. पण चढणीचा भर ज्येष्ठ-आषाढात असतो, आणि आषाढ म्हणजे आपला आखाड! श्रावण लागेपर्यंत जे काय खायचे ते खाऊन घ्यायचे. म्हणजे मासा अंड्यांनी भरलेला असतो तेव्हा आपण तो खातो, आणि अंडी घालून मोकळा झाला की आपण सोवळे होतो. समुद्रकाठच्या कोळ्यांचे गणित याहून बरे आहे. त्यांच्या होड्या पावसाळ्यात शाकारलेल्या असतात, आणि आता तर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची सरकारी बंदीच असते.

जुन्या लोकांना हे कळत नव्हते असे मात्र नाही. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासी पौर्णिमांच्या आसपासचे दिवस व उपोसथाचे दिवस मासे मारू वा विकू नयेत अशी आज्ञा आहे. आपल्या शेजारचे उदाहरण हवे तर कल्याणीच्या चालुक्यांचे घ्या. ती कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. आपली मांजरा नदी त्याच जिल्ह्यातून पुढे जाते. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात गळाने मासे धरण्याच्या खेळावर स्वतंत्र प्रकरण आहे: समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कसले आमिष. राजाला गळ टाकून बसायला वेळ होता आणि मासा ओळखायची हौस होती.

चढणीचा मासा धरायला ना हौस लागते ना कसब. ओढ्याच्या अरुंद तोंडाशी दगड रचावे, मध्ये कामट्यांचा पिंजरा किंवा हल्ली मच्छरदाणी लावावी. मासा आपण होऊन येतो, कारण मागे फिरणे त्याला ठाऊक नसते. सुरुंग आणि विष यांना 1897 च्या कायद्यानेच मनाई केली. आता लोक पाण्यात विजेची तार सोडतात. एका रात्रीत पाटी भरते, आणि पाटीत दहा मासे असले तरी त्यांच्या पोटात लाखो असतात.

याहून मोठा अडथळा दगडामातीचा आहे. मांजरा पाटोद्याच्या डोंगरात उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहून कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. गोदावरीतला मासा या वाटेने आपल्या डोंगरापर्यंत चढू शकत असे. 1931 मध्ये निजामसागर पुरा झाला आणि ती वाट मध्येच बंद झाली. पुढे सिंगूर झाले, आपल्या जिल्ह्यात धनेगावचे धरण झाले. धरणे नकोत असे मी म्हणत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात धनेगावचा जलाशय आटला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे पाहिलेला माणूस धरणाला नावे ठेवणार नाही. पण जलाशय आटला तेव्हा त्यातले मासेही संपले, आणि खालून नवे यायला भिंत आडवी होती. मग बीज आणून सोडणे आले. 1952 साली परदेशातून देशात आणलेल्या तिलापियाचे, म्हणजे आपल्या चिलापीचे, फावले ते यामुळेच. तिला पूर लागत नाही, प्रवास लागत नाही. साचल्या पाण्यात ती वर्षातून अनेकदा वीण करते आणि पिले तोंडात सांभाळते.

कोल्हापुरी बंधारा मात्र माशाला मानवतो. त्याच्या फळ्या पावसाळ्यापूर्वी काढायच्या आणि पाऊस सरताना बसवायच्या असतात. मधल्या काळात नदी मोकळी वाहते. फळ्या काढण्याचा आळस केला तर तोही नुसता बांध होतो. सिमेंटच्या नाला बांधाला तर फळ्याच नसतात.

शेवटी फसव्या चढणीबद्दल. वळवाचा एखादा दांडगा पाऊस वैशाखातच होतो, ओढा दोन तास फुगतो, तयार मासा निघतो. आणि दुसऱ्या दिवशी पाणी तुटते. वरच्या डबक्यांत तो कोंडला जातो, आठवड्यात डबकेही आटते. 2025 साली मोसमी पाऊस 24 मे रोजीच केरळात आला आणि 26 मे रोजी मुंबईत. एरवी मुंबईची तारीख 11 जून. अशा वर्षी मासा लवकर निघाला तर पुढचा पाऊस टिकतो की खंड पडतो यावर सगळे अवलंबून.

यंदा आपल्यापैकी कोणाला पाहायचे असेल तर सांगतो. पहिल्या मोठ्या पुरानंतर पाणी ओसरायला लागले की पहाटे ओढ्यावर जा. जिथे पाणी खडकावरून हातभर उंचीवरून पडते तिथे, जरा बाजूला, हालचाल न करता उभे राहा. पाण्याच्या मुख्य धारेत पाहू नका, कडेच्या पातळ धारेत पाहा. मासा जोर वाचवून तिथूनच चढतो. आधी बोटाएवढे लहान मासे उड्या घेताना दिसतील, मोठे त्यांच्या मागून, बहुधा उजाडण्याच्या आत. आणि वळवाच्या पावसात कोंडलेली डबकी सापडली, तर सोबत एक घमेले असू द्या. खालच्या डोहापर्यंतचे अंतर फार नसते.