ड्रॉइंग म्हणजे पेन्सिलीने काढलेलं चित्र?

'ड्रॉइंग रूम'च्या भिंतींवर चित्रं लावतात, म्हणून तिला ते नाव पडलं, असं पुष्कळांना वाटतं. पण या नावाचा चित्रांशी काहीही संबंध नाही. इंग्लंडमधल्या मोठ्या वाड्यांत मुख्य दालनाला लागून एक खासगी खोली असे. घरधनी आणि त्याचे खास पाहुणे गर्दीतून उठून तिथे जाऊन बसत. ती 'विथड्रॉइंग रूम', म्हणजे बाजूला होऊन बसायची खोली. सतराव्या शतकात बोलण्यातून 'विथ' गळलं आणि उरलेलं नाव पुढे आपल्याकडे पोचलं.

चित्रातलं ड्रॉइंग आणि खोलीतलं ड्रॉइंग यांचं मूळ मात्र एकच: जुन्या इंग्रजीतलं क्रियापद 'द्रागान', अर्थ ओढणे. टोकदार वस्तू पृष्ठभागावरून ओढत नेली की मागे रेघ उमटते, त्यामुळे चित्राचा अर्थ त्याला पुढे चिकटला. ओढून उघडतो तो ड्रॉवर. मसुद्याचा ड्राफ्ट आणि बँकेतला डिमांड ड्राफ्ट हेही याच कुळातले. मराठीत आपण रेघ ओढतोच, त्यामुळे या शब्दाचं मर्म आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. संस्कृतात 'लिख्' धातूचा जुना अर्थ ओरखडणे. लेखन आणि आलेखन दोन्ही त्यातूनच आले. ग्रीकमधलं 'ग्राफीन' हे क्रियापदही ओरखडण्यावरून लिहिण्याकडे आणि चित्र काढण्याकडे गेलं. पेन्सिलीतल्या ग्राफाइटला नाव मिळालं ते त्याच्यावरून.

आणि पेन्सिलीत असतं ते ग्राफाइटच, शिसं नव्हे. 'शिसपेन्सिल' हे नाव एका जुन्या चुकीची खूण आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या बॉरोडेल भागात सापडलेलं काळं, चकचकीत खनिज लोकांना शिशाचाच प्रकार वाटलं. ते कार्बनचं रूप आहे हे कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने 1779 मध्ये दाखवलं, तोवर नाव रुळलं होतं. तेव्हा पोराच्या बोटात पेन्सिलीचं टोक घुसलं तर जखम धुवावी, तुकडा राहिला असेल तर काढून घ्यावा. शिसं अंगात भिनेल ही भीती नको. ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती कालवून भाजण्याची युक्ती फ्रान्समध्ये निकोला-जाक कोंते याने 1795 मध्ये काढली. माती जास्त तर रेघ कडक आणि फिकी, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी. दुकानात आपण 'एचबी' किंवा 'टूबी' मागतो तो याच प्रमाणाचा हिशेब.

पण ड्रॉइंगला पेन्सिल लागते, हाच मुळात मोठा गैरसमज आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत दगडाच्या एका कपचीवर गेरूच्या खड्याने ओढलेल्या आडव्यातिडव्या रेघा सापडल्या; त्या सुमारे 73,000 वर्षांपूर्वीच्या असल्याचं संशोधकांनी 2018 मध्ये जाहीर केलं. युरोपातले जुने चित्रकार लेप दिलेल्या कागदावर चांदीची तार ओढत. रेघ आधी राखाडी दिसे, मग हळूहळू तपकिरी होई. आपल्याकडची रांगोळी पाहा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून पूड सुटते, बोटं जमिनीला टेकतही नाहीत, हात थबकला तर तिथे लगेच गाठ पडते. माझ्या मते आपल्या घराघरांत होणारं सगळ्यांत अस्सल ड्रॉइंग हेच, पण त्याला ड्रॉइंग म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही.

ड्रॉइंग म्हणजे पेंटिंगची कच्ची तयारी, हाही समज तितकाच पक्का. रंगकामाआधी आराखडा करतात हे खरं, पण म्हणून ते दुय्यम ठरत नाही. इटलीत त्याला 'दिसेन्यो' म्हणत आणि चित्रकला, शिल्पकला, वास्तुकला या तिघींचा तो बाप, असं तिथला चित्रकार आणि कलालेखक वासारी मानत असे. 1563 मध्ये फ्लॉरेन्सला स्थापन झालेल्या कला अकादमीच्या नावातच 'दिसेन्यो' आहे.

राहिला 'हात जन्मजात लागतो' हा समज. मुंबईत 1857 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं ते ड्रॉइंग हे शिकवता येणारं कसब आहे, हे धरूनच. शालेय मुलांच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांतही वस्तुचित्र आणि स्मरणचित्राच्या बरोबरीने भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर असतो. त्यात झाड नाही, चेहरा नाही. पट्टी, कंपास आणि नेमक्या जाडीची रेघ. 'मला चित्र येत नाही' म्हणणारं मूल तो पेपर सरावाने उत्तम सोडवतं, आणि तेही ड्रॉइंगच असतं.