मणक्यातला ‘कट्’ आणि डिस्कची गोष्ट

‘मणक्यात गॅप पडलाय’ हे निदान मराठी घरांत इतकं मुरलंय, की चेन्नईच्या सिरुसेरीला, सिपकॉट आयटी पार्कात नोकरीसाठी गेलेली पोरंही ते सोबत नेतात. कंबर धरली की आई फोनवर पहिल्यांदा गॅपचीच चौकशी करते. शेजारच्या डेस्कवरचा ओएमआर रस्त्यावरच्या एखाद्या कायरोप्रॅक्टरचा पत्ता देतो, सोबत मणके कटाकट वाजवणारे दोन व्हिडिओ. आठवड्याभरात एमआरआय होतो, ‘एल-४ एल-५ डिस्क बल्ज’ असं छापून येतं आणि गुन्हेगार सापडला म्हणून सगळे निश्चिंत होतात.

गॅपपासूनच सुरुवात करू. एक्स-रेत दोन मणक्यांमध्ये दिसणारी रिकामी जागा रिकामी नसतेच. तिथे डिस्क असते, ती एक्स-रेत उमटत नाही एवढंच. वय वाढतं तसं डिस्कमधलं पाणी कमी होतं, तिची उंची घटते आणि ती जागा अरुंद होते. म्हणजे गॅप पडत नाही, उलट कमी होतो. डिस्क सरकून बाहेरही येत नाही. माणसाच्या पाठीच्या कण्यात अशा २३ डिस्क असतात आणि प्रत्येक वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. बाहेरच्या चिवट तंतूंच्या कड्याला चीर गेली, तर आतला मऊ गर त्यातून बाहेर डोकावतो. त्याने नस चिडली की कळ नितंबातून गुडघ्याखाली उतरते. हीच सायटिका.

आता तो रिपोर्ट. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर ५२ टक्के लोकांत किमान एक डिस्क फुगलेली निघाली. २०१५च्या एका आढाव्यात वेदना नसलेल्या ३,११० जणांची माहिती एकत्र केली, तेव्हा फुगीर डिस्कचं प्रमाण विशीत ३० टक्के, चाळिशीत ५० आणि ऐंशीत ८४ टक्के दिसलं. थोडक्यात, सिरुसेरीतल्या चाळिशीच्या ठणठणीत मॅनेजरला मशीनमध्ये झोपवलं, तरी ‘बल्ज’ निघण्याची शक्यता निम्मी. धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले सहा आठवडे एमआरआय नको, असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी.

आणि तो ‘कट्’? बहुतेकांना वाटतं, डिस्क आत बसली. आवाज डिस्कचा नसतोच. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात. ते झटक्याने ताणले की आतल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. बाहेर आलेला गर हाताने आत ढकलता येत नाही. तो आटवण्याचं काम शरीर स्वतः करतं आणि गंमत अशी, की मोठा तुकडा लवकर आटतो. तुटून सुटा झालेला गर पुष्कळदा पूर्ण नाहीसा होतो. नुसता बल्ज मात्र क्वचितच बदलतो.

मग कायरोप्रॅक्टिक थोतांड का? मूळ दावा तसाच होता. १८९५ साली आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामरने एका बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला, त्याला ऐकू येऊ लागलं म्हणे, आणि जवळपास सगळ्या रोगांचं मूळ मणक्यात असल्याचं पामरने जाहीर केलं. याला कसलाही आधार नाही. पण साध्या कंबरदुखीत मणक्यांच्या हस्तोपचाराने थोडा आराम पडतो, साधारण व्यायाम किंवा फिजिओथेरपीइतकाच, हे अभ्यासांत दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शनातही जुनाट कंबरदुखीसाठी तो एक पर्याय म्हणून आहे. पट्टे आणि ट्रॅक्शन मात्र नको म्हटलंय, जे आपल्याकडे सर्रास दिले जातात.

‘मला तर एका सेशनमध्ये बरं वाटलं’ हेही खोटं नसतं. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावून घेतात. तिकडे चेन्नईत हाडं बसवणाऱ्या पुत्तूर कट्टूवाल्यांच्या पाट्या दिसतात. नुसती चमक बहुधा काही दिवसांत उतरतेच. त्या वेळी जो हात किंवा पाय लागला, त्याला श्रेय जातं.

अंथरुण धरणं हा सगळ्यात महागडा गैरसमज. १९९५ साली हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात, झेपेल तसं रोजचं काम चालू ठेवणारे झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. महागड्या खुर्चीचंही फार कौतुक नको. १९९९ साली जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या डिस्कमध्ये सेन्सर बसवून दाब मोजला, तर आरामात बसताना तो उभं राहण्यापेक्षा किंचित कमीच भरला. वाकून २० किलो उचलताना मात्र चौपटीहून जास्त. एकाच जागी बसून राहणं वाईट, तेव्हा कॉल चालू असताना उठून फेऱ्या माराव्यात.

कायरोप्रॅक्टरकडे जायचंच असेल, तर त्याचं शिक्षण विचारा. भारतात डॉक्टरांसाठी आहे तशी कायरोप्रॅक्टरांची देशपातळीवरची स्वतंत्र परिषद नाही. मानेला झटका देऊ देऊ नका. क्वचित का होईना, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होतो. ठिसूळ हाडं, पूर्वी झालेला कर्करोग, ताप, घटतं वजन किंवा मणक्याच्या क्षयाची शंका असेल, तर पाठीलाही हात लावू देऊ नये. क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही.

पाऊल लुळं पडलं, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर रात्री दोन वाजले असले तरी ऑपरेशनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. तिथे नस वाचण्याचा हिशोब तासांत होतो.