जुन्या इंजिनाचा नवा कंठ

लायनेल या न्यूयॉर्कच्या खेळणी-कंपनीच्या रेलगाड्यांत हवेची शिटी आली ती 1935 साली. टेंडरमध्ये बसवलेली एक चिमुकली मोटर पंखा फिरवी आणि त्या पंख्याचा वारा पोकळ्यांतून जाताना खर्जातला सूर घुमे. तिला हुकूम पोचवण्याची योजना तर आजही थक्क करते: रुळांतून प्रत्यावर्ती प्रवाह खेळत असे, कळ दाबताच त्यात एकदिश प्रवाहाचा अल्प अंश मिसळे, आणि एरवी प्रत्यावर्ती प्रवाहाला मुळीच दाद न देणारा टेंडरमधला रिले तेवढ्या अंशाने ओढला जाऊन मोटरीचा मार्ग मोकळा करी. योगायोग असा की, अमेरिकेतील खेळण्यातल्या रेल्वेच्या छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना, एनएमआरए, मिलवॉकीत स्थापन झाली तीही त्याच वर्षी.

पुढे याच संघटनेने 1990 नंतरच्या दशकात जर्मनीच्या लेन्झ यांच्या पद्धतीवरून डीसीसी हे मानक मुक्रर केले. त्या मानकानुसार रुळांत वीज सतत असते, तिच्यातूनच हुकूमही वाहतात, आणि इंजिनातला डिकोडर आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा उचलून मोटर, दिवे व स्मृतीत साठवलेला खऱ्या इंजिनाचा आवाज यांचा कारभार पाहतो. मात्र जुन्या इंजिनात असा डिकोडर बसवताना सगळेच भाग बडतर्फ करणे हा मला उधळेपणा वाटतो. दंतचक्रे, मोटर, स्पीकर यांपैकी जे परीक्षेत उतरेल ते सन्मानाने बहाल करावे.

मोटरीची परीक्षा प्रथम. पुष्कळ जुन्या इंजिनांत मोटरीच्या एका ब्रशचा संबंध थेट सांगाड्याशी असतो आणि सांगाडा एका रुळाशी जोडलेला असतो. ही वहिवाट मोडून दोन्ही ब्रश रुळांपासून अलग केल्याशिवाय डिकोडर जोडला, तर वीज सुरू होताच तो जळण्याची भीती असते. मग चाक हाताने क्षणभर अडवून मोटर किती प्रवाह ओढते ते मोजावे, आणि डिकोडरच्या मर्यादेशी ताडून पाहावे.

खरी गंमत स्पीकरमध्ये आहे. ईएसयू या जर्मन कंपनीच्या लोकसाउंड 3.5 या जुन्या डिकोडरला 100 ओहमचा स्पीकर लागे, तर त्यापुढच्या 4.0 ला चार ते आठ ओहमचा. म्हणून जुना स्पीकर नव्याला जोडला तर आवाज क्षीण येतो, आणि उलट आठ ओहमचा जुन्या डिकोडरला जोडला तर त्याचा अॅम्प्लिफायरच निकामी होऊ शकतो. मल्टिमीटरवर आठ ओहमचा स्पीकर सुमारे सात दाखवतो. पडदा फाटलेला नसेल आणि मापही जुळत असेल तर त्याला टाकू नये. स्पीकरच्या मागून निघणारी ध्वनिलहर पुढच्या लहरीच्या विरुद्ध असते व दोघी परस्परांना मारतात, यास्तव स्पीकरची पाठ मात्र बंदिस्त हवी; शिटी काढल्यावर रिकामा झालेला टेंडरचा कोनाडा, फटी बुजवल्या की, याच कामी येतो.

दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनाच्या चालकचाकांच्या एका फेऱ्यात चार धापा पडतात. पूर्वी त्यांची वेळ साधण्यासाठी आसावर कॅम व पत्र्याची स्पर्शपट्टी बसवीत. आजचा डिकोडर मोटरीच्या उलट विद्युत्दाबावरून अदमास घेतो. सुरुवातीच्या मंद चालीत हा अदमास चुकण्याचा संभव असतो, आणि तिथेच इंजिनाची धाप सर्वांत स्पष्ट ऐकू येते. म्हणून ज्या इंजिनात जुना कॅम शाबूत आहे, तिथे तो काढू नये. लोकसाउंड व साउंडट्रॅक्सचा त्सुनामी हे दोन्ही डिकोडर कॅमचा इशारा स्वीकारतात.

उतरवलेली शिटी, रिले आणि त्यांच्या तारा भंगारात देऊ नका. मूळ जोडणीचा एक कागद सोबत ठेवून त्या जपा. पुढच्या मालकाला इंजिन पूर्ववत करायचे झाले तर त्यांचीच गरज पडेल.