टेलरच्या चोपड्या आणि हिंगोलीची छावणी

कयाधूच्या काठी वसलेले हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळे निघून जिल्ह्याचे ठाणे झाले. परंतु त्याच्या दीड शतकाहून अधिक काळ आधी, निजामाच्या मुलखातील हे गाव, वऱ्हाडच्या सरहद्दीशी भिडलेले असल्यामुळे, एका मोठ्या लष्करी छावणीचे स्थान म्हणून दक्षिणेत सर्वतोमुखी झाले होते.  या छावणीत १८३०च्या दशकात तैनातीवर असलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने जी टिपणे केली, जी रेखाचित्रे काढली आणि जी कामे अर्धवट सोडून पुढे वर्षानुवर्षांनी पुन्हा हाती घेतली, त्यांची हकीकत हिंगोलीकरांना फारशी ठाऊक नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या अधिकाऱ्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. त्याचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला आणि १८२४ साली, वयाची सोळा वर्षेही पुरी झाली नसताना, मुंबईतील एका पेढीवर नोकरी करण्यासाठी तो हिंदुस्थानात आला. पेढीची स्थिती डळमळीत आहे असे आढळताच एका नातलगाच्या खटपटीने त्याला निजामाच्या सैन्यात जागा मिळाली. विद्यालयीन शिक्षण तुटपुंजे असूनही फारसी, हिंदुस्थानी, मराठी अशा भाषा, कायदा, मोजणी, बांधकाम, चित्रकला, संगीत या सर्वांचा अभ्यास त्याने स्वतःच्या परिश्रमाने केला. कागदावर पेन्सिल टेकवून समोरची इमारत, माणूस किंवा टेकडी उतरवून घेण्याची सवय त्याच्या अंगी इतकी मुरली होती, की त्याचे नोकरीतील आयुष्य आणि त्याचे चित्रण ही दोन्ही एकाच प्रवाहाची अंगे होती.

तारुण्याच्या आरंभी त्याची नेमणूक निजामाच्या नैऋत्येकडील मुलखात, तुळजापूरच्या बाजूस, पोलिसाच्या कामावर झाली होती. रानावनात, रस्त्याच्या कडेला, अनोळखी प्रवाशांची प्रेते आढळत, गावोगाव दबक्या आवाजात कुजबूज होई. टेलरने तपासास प्रारंभ केला आणि तो काही धागेदोरे जुळवू लागला तोच त्याला पलटणीत परत बोलावण्यात आले. चौकशी तशीच अपुरी राहिली. आपण तेथे टिकलो असतो तर वाटसरूंना मारून लुटणाऱ्या ठगांच्या संघटनेचा छडा प्रथम आपल्याच हातून लागला असता, ही रुखरुख त्याने उतारवयातील आत्मचरित्रातही बोलून दाखवली आहे.

तो अपुरा धागा त्याला पुन्हा सापडला हिंगोलीत. जबलपूरकडे कंपनी सरकारचे अधिकारी स्लीमन यांनी ठगांविरुद्ध मोहीम आरंभली होती. तिची शाखा निजामाच्या मुलखात येऊन पोहोचली आणि हिंगोलीच्या छावणीत माफीचे साक्षीदार होऊ पाहणारे ठग आपली जबानी देण्यासाठी रुजू होऊ लागले. टेलरने आपण होऊन हे काम पत्करले. दिवसेंदिवस तो त्यांच्यासमोर बसून त्यांची कबुली लिहून घेई. सावज हेरून त्याच्याशी सलगी करणारा सोथा, रुमालाचा फास टाकणारा भुरतोट, आधीच खड्डे खणून ठेवणारा लुघा. पवित्र मानलेली कुदळ, गुळाचा प्रसाद, रामसी नावाची सांकेतिक भाषा: हा सगळा तपशील त्याला त्यातून मिळाला. चित्रकाराची नजर त्याच्या टिपणांतही दिसते, कारण बळी कोणत्या वयाचा, त्याच्या अंगावर कोणते वस्त्र, मुक्काम कोणत्या झाडाखाली, हे तो विसरत नाही. आज इतिहासकार या कबुल्यांकडे संशयाने पाहतात. प्राण वाचविण्यासाठी बोलणारा कैदी साहेबाला हवे तेच सांगतो, आणि सगळ्या भटक्या व लुटारू टोळ्यांना एकाच ठगधर्माच्या सूत्रात ओवण्याचा मोह कंपनी सरकारला सोयीचा होता. हा आक्षेप मला रास्त वाटतो. तथापि त्यामुळे त्या टिपणांचे मोल नाहीसे होत नाही.

टेलरने या विषयावर प्रथम एक लेख लिहून इंग्लंडास पाठविला होता. कादंबरीकार बुल्वर याने तो पाहून या विषयाची कादंबरीच व्हायला हवी असे सुचविले, आणि हिंगोलीतील तापाच्या आजारात, अशक्तपणामुळे लष्करी कामातून जी उसंत मिळाली तीत टेलरने ती लिहून काढली. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील अमीर अली ७१९ खुनांची कबुली देतो. राणी व्हिक्टोरियाने पुस्तक छापून होण्याची वाट न पाहता त्याची मुद्रिते मागवून वाचली.

चित्रांचा प्रवास निराळा. ‘स्केचेस इन द डेक्कन’ हा टेलरच्या रेखाचित्रांचा संग्रह १८३७ साली लंडनमध्ये शिळाछापावर निघाला. त्या काळची ही पद्धत अशी, की चुनखडीच्या गुळगुळीत पाषाणावर तेलकट खडूने चित्र उलटे काढावयाचे, पाषाण पाण्याने ओला करावयाचा आणि मग शाई फिरवावयाची; शाई फक्त तेलकट रेषेला चिकटते आणि दाबयंत्राखाली कागदावर सुलट प्रतिमा उमटते. पाषाणावर खडू चालविणारा कारागीर बहुधा निराळा असे. दख्खनच्या काळ्या मातीवर पडलेले ऊन ज्याने कधी पाहिले नाही, अशा हाताने ते चित्र दुसऱ्यांदा काढले जात असे आणि मूळ पेन्सिलीची घाई, एखादी अर्धवट सोडलेली सावली, ती सारी नीटनेटकी होऊन जाई. मला छापील आवृत्तीपेक्षा कच्च्या आराखड्याचे आकर्षण अधिक वाटते, त्याचे कारण हेच.

पुढे टेलरची कामगिरी सुरपूर संस्थानात झाली. तेथील बालराजाच्या काळात १८५३ पर्यंत त्याने कारभार पाहिला आणि रयत त्याला महादेवबाबा म्हणू लागली. १८५३च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या अंमलाखाली गेले, तेव्हा तो नळदुर्ग जिल्ह्याचा अंमलदार म्हणून पुन्हा तुळजापूरच्या परिसरात आला. म्हणजे विशीतल्या पोलीस अधिकाऱ्याला जो मुलूख तपास अपुरा टाकून सोडावा लागला, तोच पंचेचाळिशीतल्या अधिकाऱ्याच्या हवाली झाला. १८५७ साली त्याची बदली बुलढाण्यास झाली आणि १८६० साली तो निवृत्त होऊन आयर्लंडला गेला.

जुन्या विषयाशी त्याची खरी परतभेट या निवृत्तीच्या काळात घडली. लिहिण्यापूर्वी कितीतरी वर्षे मनात घोळत राहिलेली तुळजापूरच्या भवानीची कथा त्याने आता लिहून काढली. ‘तारा’ १८६३ साली प्रसिद्ध झाली. तीत तुळजापूरचे देवालय, अफजलखानाची स्वारी आणि प्रतापगडावरील भेट ही सारी येतात. १६५७, १७५७ आणि १८५७ या शतकांतराच्या साखळीसाठी त्याने काळ थोडा मागे ओढला, वास्तविक अफजलखानाचा वध १६५९चा. इतिहासाच्या वाचकाला हे खटकते आणि खटकावेही. पण देवळातील गर्दी आणि देवीपुढील आरती यांचे वर्णन केवळ ऐकीव माहितीवर कोणाला करता येण्यासारखे नाही. साखळीतील पुढची पुस्तके ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि ‘सीता’ (१८७२). त्यांतील पहिले मला दुबळे वाटते.

आयुष्याच्या अखेरीस दृष्टी अधू होत गेली. ज्याने डोळ्यांच्या बळावर दख्खन टिपून घेतला, त्याला १८७५ साली हिंदुस्थानची पुनर्भेट झाली ती अशा अवस्थेत. परतीच्या वाटेवर फ्रान्समधील मेंतों येथे १३ मे १८७६ रोजी त्याचा मृत्यू झाला. चांदबिबीवरील ‘अ नोबल क्वीन’ १८७८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. आत्मचरित्र ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ त्याची कन्या अ‍ॅलिस हिने संपादून १८७७ साली प्रकाशित केले.

या सर्व ग्रंथांत हिंगोलीचा वाटा मोठा आहे आणि तो जिल्ह्याने आपल्या हक्काने मागावा, असे मला वाटते. औंढा नागनाथचे कोरीव देवालय आणि नामदेवांचे नर्सी पाहावयास येणाऱ्यास हिंगोली शहरात त्या छावणीची ओळख देणारी एखादी दालनवजा खोली असावी, आणि ‘स्केचेस इन द डेक्कन’मधील चित्रांच्या प्रती तेथे लावाव्यात, मराठवाड्यातील चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी त्या स्थळांवर जाऊन आज काय दिसते ते पुन्हा काढावे. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी जुन्या पेटाऱ्यात छावणीच्या काळचे उर्दू किंवा मोडी कागद, नकाशे अथवा चित्रांच्या चोपड्या असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या जाणत्या वाचकाला दाखवावेत, एवढी विनंती आहे.