लिने विवराची साक्ष

चंद्रावरील ‘मारे सेरेनिटाटिस’ हे थिजलेल्या लाव्हारसाचे विस्तीर्ण मैदान होय. त्याच्या पश्चिम भागात लिने नावाचे एक लहानसे विवर आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनेयस यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव मिळाले.

१८६६ साली अथेन्स वेधशाळेचे संचालक ज्युलियस श्मिट यांनी जाहीर केले, की जुन्या नकाशांत खोल दाखविलेले हे विवर नाहीसे झाले असून तेथे केवळ पांढरा डाग उरला आहे. त्यावरून युरोपात मोठा वाद माजला. पुढे अंतराळयानांच्या छायाचित्रांत विवर जागच्या जागी दिसले. ते सुमारे २.२ किलोमीटर व्यासाचे व रेखीव काठाचे आहे. आघाताने उडालेला खडकांचा चुरा भोवती पसरला आहे. तोच तो पांढरा डाग. सूर्य माथ्याकडे आला, की विवरातील सावली आटते, चुरा उजळतो आणि पृथ्वीवरून विवर दिसेनासे होते.

इतिहासाच्या वर्गात आम्ही ही हकिकत आवर्जून सांगतो. जुना नकाशा आणि नवा निरीक्षक, दोघेही साक्षीदारच. दोघांचीही उलटतपासणी व्हावी. जे दिसत नाही ते नाहीच, असा निकाल देण्यापूर्वी प्रकाश कोणत्या बाजूने पडला आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे.