आधी ओळख, मग उड्डाण

मुलांनो, बाजारात भाजी आणायला तुम्ही कधीतरी गेला असाल. चाणाक्ष गिऱ्हाईक भाजी तोलण्यापूर्वी काय करते? ते भाजीवाल्याला म्हणते, "भाऊ, आधी रिकामा तराजू उचला पाहू!" दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी आडवी, सरळ राहिली तर तराजू खरा. एक पारडे खाली झुकले, तर तराजूत पासंग आहे असे आपण म्हणतो. 'पासंग' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो उर्दूतही आहे. दोन्ही भाषांनी तो फारसीतून घेतला आहे.

पासंग असलेल्या तराजूवर कितीही काळजीने तोला, वजन चुकणारच. तोलणारा लबाड असलाच पाहिजे असे नाही. तो प्रामाणिक असला, तरी त्याच्या तराजूची सुरुवातच चुकीची असते.

आज आपण अशाच एका यंत्राची माहिती घेणार आहोत. त्याचाही 'रिकामा तराजू' आधी तपासावा लागतो. हे यंत्र म्हणजे ड्रोन. लग्नाच्या मांडवावर घोंघावत चित्रीकरण करणारा ड्रोन तुम्ही पाहिला असेल. तुमच्यापैकी कोणाला तळहाताएवढा खेळण्यातला ड्रोन ईदीच्या पैशांतून मिळालाही असेल. डबा उघडला की आपल्याला तो लगेच उडवावासा वाटतो. पण जरा थांबा! उडवण्यापूर्वी दोन कामे करायची असतात. पहिले, ड्रोन आणि रिमोट यांची जोडी जमवणे. दुसरे, ड्रोनचे कॅलिब्रेशन करणे, म्हणजे त्याचा पासंग काढणे.

ड्रोनला सहसा चार मोटरी आणि चार पंखे असतात. कर्णरेषेवरचे दोन पंखे एका दिशेने फिरतात आणि उरलेले दोन उलट दिशेने फिरतात. चारही पंखे एकाच दिशेने फिरले असते, तर ड्रोनचे अंगच भोवऱ्यासारखे गरगरले असते. आपण रिमोटवरून आज्ञा देतो, तेव्हा ड्रोनमधील छोटासा संगणक प्रत्येक पंख्याचा वेग कमी-जास्त करतो. मागचे पंखे जोरात फिरले की ड्रोन पुढे झुकतो आणि पुढे जातो. आता दोन प्रश्न उभे राहतात. आज्ञा आपल्याच रिमोटवरून आली हे ड्रोनला कसे कळते? आणि आपण सरळ आहोत की झुकलेले, हे त्याला कोण सांगते?

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. तार न जोडता दूरच्या वस्तूला आज्ञा देण्याची कल्पना जुनी आहे. १८९८ साली निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमध्ये बिनतारी लहरींनी चालणारी एक छोटी बोट लोकांना दाखवली होती. पुढे हौशी लोक अशाच लहरींवर लहान विमाने उडवू लागले. त्यांची एक मोठी अडचण होती. दोघांचे रिमोट एकाच लहरीवर चालू झाले, की विमानाला दोन मालकांच्या आज्ञा एकदम मिळत आणि ते कोसळे. म्हणून मैदानावर एक फळा ठेवत आणि त्यावर प्रत्येक लहरीचा एक चिमटा लावत. ज्याच्या हातात चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा!

आजच्या बहुतेक ड्रोनना असा चिमटा लागत नाही. ते २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील लहरी वापरतात. घरातील वायफायही याच पट्ट्यात चालते. इतक्या गर्दीत घोटाळा होत नाही, कारण प्रत्येक रिमोटला स्वतःचा एक ओळखक्रमांक असतो. वर्गात हजेरी घेताना मी "चौदा" म्हटले, की चौदा क्रमांकाचाच विद्यार्थी "हजर" म्हणतो. बाकीचे ऐकतात, पण गप्प राहतात. जोडी जमवताना ड्रोन आपल्या रिमोटचा क्रमांक लक्षात ठेवतो. नंतर तो त्याच क्रमांकाची आज्ञा पाळतो. इंग्रजीत या कामाला 'पेअरिंग' किंवा 'बाइंडिंग' म्हणतात.

ही जोडी कशी जमवायची? प्रत्येक कंपनीची रीत थोडी वेगळी असते, म्हणून डब्यातली माहितीपुस्तिका आधी वाचावी. बऱ्याच लहान ड्रोनची रीत पुढीलप्रमाणे असते. ड्रोनची बॅटरी पूर्ण भरून घ्या. ड्रोन सपाट जमिनीवर ठेवा आणि चालू करा. त्याचे दिवे लुकलुकू लागतील. जणू तो विचारतो, "माझा मालक कोण?" आता रिमोट चालू करा. रिमोटवर दोन छोट्या दांड्या असतात. त्यांना स्टिक म्हणतात. डावी स्टिक पूर्ण वर न्या आणि मग पूर्ण खाली आणा. रिमोटमधून 'टीक' असा आवाज येतो आणि ड्रोनचे दिवे स्थिर होतात. ओळख पटली! काही ड्रोनमध्ये स्टिकऐवजी एक बटण दाबून धरावे लागते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन मित्रांनी एकाच वेळी, शेजारी शेजारी बसून जोडी जमवू नये. एकाचा रिमोट दुसऱ्याच्या ड्रोनशी जुळू शकतो. आधी एकाने करावे, मग दुसऱ्याने. तसेच खेळ संपल्यावर प्रथम ड्रोन बंद करावा आणि नंतर रिमोट. रिमोट आधी बंद केला, तर चालू असलेला ड्रोन क्षणभर का होईना, बिनमालकाचा होतो.

आता दुसरे काम पाहू. घर बांधणारा गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवत नाही. तो ओळंबा सोडतो आणि पाणसळ ठेवतो. ड्रोनच्या पोटातही अशीच एक बारीक पाणसळ असते. ड्रोन किती झुकला आणि किती वळला, हे ती संगणकाला क्षणोक्षणी सांगते. पण 'सपाट' म्हणजे काय, हे तिला एकदा आपणच शिकवावे लागते. त्यासाठी ड्रोन खरोखर सपाट जागी ठेवायचा. मग अनेक लहान ड्रोनमध्ये दोन्ही स्टिक खालच्या कोपऱ्यात दोन-तीन सेकंद दाबून धरायच्या. दिवे भराभर लुकलुकतात आणि पुन्हा स्थिर होतात. तेवढ्या वेळात ड्रोनला हात लावायचा नाही.

आपल्याकडे पुष्कळ मुले हे काम इमारतीच्या गच्चीवर करतात. गच्ची दिसायला सपाट असते, पण पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून तिला थोडा उतार दिलेला असतो. तेथे कॅलिब्रेशन केले, की ड्रोन त्या उतारालाच सपाट समजतो. मग हवेत गेल्यावर तो मुद्दाम तितकाच झुकून राहतो आणि एका बाजूला सरकत जातो. आपण म्हणतो, "ड्रोन बिघडला." तो बिघडलेला नसतो. आपण शिकवले तेच तो इमानाने करत असतो.

थोड्या मोठ्या ड्रोनमध्ये आणखी एक साधन असते. ते म्हणजे होकायंत्र. उर्दूत आपण त्याला कुतुबनुमा, म्हणजे ध्रुव दाखवणारा, असे म्हणतो. ड्रोन कोठे आहे हे त्याला उपग्रहांच्या जीपीएस संदेशांवरून कळते. पण त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे होकायंत्र सांगते. या होकायंत्राची जुळणी करताना ड्रोन हातात आडवा धरून स्वतःभोवती एक फेरी घ्यावी लागते. नंतर त्याचे तोंड खाली करून पुन्हा एक फेरी घ्यावी लागते. असे का? ड्रोनच्या मोटरी आणि स्क्रू यांचे चुंबकत्व ड्रोनबरोबरच फिरते. पृथ्वीचे चुंबकत्व मात्र फिरत नाही. ड्रोन सर्व बाजूंनी फिरवला, की संगणकाला या दोहोंतला फरक ओळखता येतो. पण जवळच लोखंडाची मोठी वस्तू असेल, तर तीही जागची हलत नाही. मग संगणक फसतो. मराठीत 'दिशाभूल होणे' असा वाक्प्रचार आहे. ड्रोनची खरोखरच दिशाभूल होते!

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मला ड्रोन दाखवायचा होता. एका विद्यार्थ्याच्या मामूंनी तो आणून दिला होता. मैदानात मुले जमली होती आणि टाळ्या वाजत होत्या. ड्रोनने होकायंत्र जुळवण्याची सूचना दिली. मी घाईत होतो. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी झाकणावर उभा राहूनच मी दोन फेऱ्या घेतल्या. शेजारी मोटरसायकलींची रांग होती. ड्रोनने जुळणी मान्य केली. मला वाटले, झाले काम.

ड्रोन वर गेला. क्षणभर स्थिर राहिला. मग तो गोल फिरू लागला. प्रत्येक घेरा आधीपेक्षा मोठा होत गेला. ड्रोन स्वतःची चूक सुधारू पाहत होता, पण त्याची उत्तर दिशाच चुकीची होती. त्यामुळे प्रत्येक सुधारणा नवी चूक होत होती. शेवटी तो भिंतीवर आदळला. पात्याचा एक तुकडा उडून आठवीतल्या एका मुलाच्या भुवईला लागला. दोन टाके पडले. डोळा बोटभर अंतराने वाचला. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने मला विचारले, "सर, ड्रोन खराब होता का?" मी म्हणालो, "नाही बेटा. मी त्याला चुकीची दिशा शिकवली होती." त्याच्या भुवईवरची ती खूण आजही मला घाई करू देत नाही.

घाई न करणाऱ्या माणसांचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. त्या काळी मुंबईत घोड्यांच्या ट्राम होत्या. त्यांच्या जागी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरू लागले. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकत्व निर्माण होते. त्यामुळे वेधशाळेच्या नाजूक नोंदी बिघडल्या असत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी हा धोका आधीच ओळखला. चुंबकीय वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला नेण्यात आली. तेथील इमारतीसाठी पोरबंदरचा दगड पारखून आणला आणि लोखंड टाळले. अलिबागचे काम १९०४ साली सुरू झाले. पण कुलाब्याचे काम लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि त्या ताडून पाहिल्या. जुन्या तराजूवर नवा तराजू तपासावा, तसेच हे झाले. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ साली! अलिबागची वेधशाळा आजही काम करते. ती ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, तिचे मुख्यालय आपल्यापासून फार दूर नाही. ते नवीन पनवेलला आहे.

आता आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरकडे पाहा. येथे लोखंड आणि वीज कोठे नाही? गच्चीच्या स्लॅबमध्ये सळया आहेत. औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेड आहेत. मधून कल्याण-कर्जत रेल्वेमार्ग जातो आणि त्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे. अशा जागी होकायंत्र जुळवू नका. रेल्वेच्या तारेजवळ तर ड्रोन उडवूच नका. तारेवर अडकलेला ड्रोन काढायला जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. मोकळे मैदान शोधा. खिशातला मोबाइल, किल्ल्या आणि हातातले घड्याळ दूर ठेवा.

कायदाही पाळायला हवा. भारतात २०२१ साली ड्रोनचे नियम आले. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला 'नॅनो ड्रोन' म्हणतात. सरकारने आकाशाचे हिरवे, पिवळे आणि तांबडे असे भाग पाडले आहेत. त्यांचा नकाशा पाहूनच ड्रोन उडवावा. हिरव्या भागातही ४०० फुटांपेक्षा वर जाण्यास परवानगी लागते. अंबरनाथमध्ये संरक्षण खात्याशी संबंधित कारखाने आहेत. तेथेच इ. स. १०६० मधील शिवमंदिर आहे. ते पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. अशा ठिकाणांपासून ड्रोन दूरच ठेवावा. उडवताना घरातील मोठे माणूस सोबत असावे.

मुलांनो, ड्रोन हा फार आज्ञाधारक शिष्य आहे. ज्याला मालक म्हणाल, त्याचे तो ऐकतो. जे सपाट म्हणून दाखवाल, ते सपाट मानतो. जी उत्तर दिशा शिकवाल, तीच खरी समजतो. तो प्रश्न विचारत नाही. म्हणून त्याला शिकवणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. उडवण्याआधीची पाच मिनिटे वाया जात नाहीत. त्या पाच मिनिटांत कोणाचा तरी डोळा वाचतो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'पासंग' म्हणजे काय?
(आ) खेळ संपल्यावर प्रथम काय बंद करावे?
(इ) अलिबागची वेधशाळा कोणत्या साली सुरू झाली?

२. कारणे सांगा.
(अ) गच्चीवर कॅलिब्रेशन केल्यास ड्रोन एका बाजूला सरकतो.
(आ) विजेची ट्राम येण्यापूर्वीच चुंबकीय वेधशाळा हलवली.

३. वाक्यात उपयोग करा : ओळख पटणे, दिशाभूल होणे, ताडून पाहणे.

४. उपक्रम : मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत असलेले दहा शब्द शोधा व वहीत लिहा.